गरम पाण्यानं धुवायचं मीठ

माझ्या नवऱ्याला सगळे पेंटर म्हणायचे. मीही म्हणायचे. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या काचा, ट्रकांच्या पाठी, जिथे अक्षर लागतं तिथून त्याला बोलावणं यायचं. छापील फलक आले तरी त्याची कामं थांबली नाहीत. त्याच्या हातची पाटी बघितली की आत जावंसं वाटतं, असं दुकानदार म्हणायचे.

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा तो पहिल्यांदा बिघडला. आधी तो नुसता फार आनंदात होता. झोप नको, जेवण नको, तोंडाला खळ नाही. आठ दिवसांत त्याने आमच्या भिंतींवर, छतावर, फ्रिजच्या दारावर अक्षरं काढली. नवव्या दिवशी रेल्वेच्या सिग्नलचा लाल चुकीचा आहे म्हणून डबा-ब्रश घेऊन खांबावर चढला. उतरवायला चार माणसं लागली. नंतरचे तीन महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. मी पडदे शिवते. त्या तीन महिन्यांत माझ्या कात्र्या, ब्लेडं आणि घरातल्या दोऱ्या शेजारणीच्या कपाटात होत्या. मला लागलं की जाऊन कापून आणायचे.

दुसऱ्या खेपेनंतर डॉक्टरीणबाईंनी लिथियम सुरू केलं.

"हे मीठच आहे," त्या म्हणाल्या. "आपण खातो त्याचं चुलत भावंड. नेमकं कसं काम करतं हे अजून कुणाला धड सांगता येत नाही, पण करतं. कमी पडलं तर फुकट, जास्त झालं तर विष. मधली पट्टी अगदी अरुंद आहे. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं."

पेंटर त्या दिवशी पहिल्यांदा हसला. "म्हणजे बाई, मी अळणी निघालो!"

घरी येऊन मी हे नणंदेला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. ती सातव्या महिन्यात जन्मली, इतकीशी होती, म्हणून तिचं नाव चिमूट पडलं आणि ते चाळिशीतही तसंच राहिलं. ती कारखान्यात प्रयोगशाळेत होती. "कुठलं लिथियम? कार्बोनेट?" तिने गोळ्यांची पट्टी उलटी करून वाचली. "वहिनी, अगं हे आम्ही पोत्यांनी भरतो!"

कामगारांच्या घरच्यांना वर्षातून एकदा कारखाना दाखवत, तेव्हा तिने आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. मैलच्या मैल सपाट, पांढरी, कोरडी जमीन. तिच्या पोटातलं खारं पाणी पंपाने वर काढून मोठमोठ्या तळ्यांत सोडलेलं. एक तळं निळं, त्याच्या पुढचं हिरवट, शेवटचं तेलासारखं पिवळं. वर्ष-दीड वर्ष ते पाणी नुसतं उन्हात आटत राहतं. मग चुना घालून त्यातला नको तो भाग खाली बसवायचा, आणि उरलेलं पाणी तापवून त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी सोडायचं. काचेच्या झरोक्यातून आम्ही पाहिलं. नितळ पाणी होतं, बघता बघता दूध झालं. तो साका गाळून, धुऊन, वाळवला की झालं मीठ. पिठापेक्षा हलकं, फुंकर मारली तर उडेल.

"धुवायचं मात्र गरम पाण्यानंच," चिमूट म्हणाली. "बाकीची मिठं गरम पाण्यात जास्त विरघळतात. हे उलट्या काळजाचं. थंड पाण्याने धुतलं तर मालच वाहून जाईल."

"माझ्यासारखंच," पेंटर म्हणाला. "मलाही सगळे थंड हो, थंड हो म्हणतात आणि मी हातचा जातो."

ते मीठ काचेत जातं, भांड्यांच्या चकाकीत जातं, पण निम्म्याहून जास्त जातं बॅटऱ्यांत. औषधाला जाणारं म्हणजे समुद्रातला तांब्या. चिमूटने आमच्या शेगडीवर एकदा ओल्या तारेला ती पूड लावून धरली, तेव्हा निळी ज्योत अशी काही लाल झाली की पेंटर वेड्यासारखा बघत राहिला. "हा लाल मला डब्यात भरून दे," म्हणाला.

अकरा वर्षं तो त्या गोळ्यांवर उभा होता, आणि त्याच्या आधाराने मी. किंमत त्याने मोजली. त्याचा हात बारीक थरथरू लागला. चहाचा कप बशीवर किणकिणायचा. एके दिवशी त्याने एका सोनाराच्या दुकानाची काच रंगवायला घेतली आणि दुपारी पुसून परत आला. बारीक अक्षराची कामं त्याने सोडून दिली ती तेव्हापासून. मोठ्या भिंती, गोदामं, पाण्याच्या टाक्या घेऊ लागला. "हात हलतो तर हलू दे, अक्षरच पुरुषभर उंच असलं की कुणाला कळतंय," असं तो चारचौघांत म्हणायचा. पण बारीक ब्रश त्याने कधी कुणाला दिले नाहीत. तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवले. आणि गोळी एक दिवस चुकवली नाही. माझ्यासाठी चुकवली नाही, हे मला माहीत आहे.

मग गोळ्या मिळेनाशा झाल्या.

आधी औषधवाला म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतील. मग म्हणाला, बघतो. मग त्याने काउंटरवर हात ठेवून खरं सांगितलं. "वहिनी, कंपनीने बनवणंच बंद केलंय. कच्चा माल बॅटरीवाले उचलतात, पाचपट भावाने. ही गोळी पडली स्वस्तातली, तिच्यात त्यांना काय सुटणार? मी सहा गावांत फोन केले."

डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध दिलं. दुसरा इलाजच नव्हता त्यांच्याकडे. त्या औषधाने पेंटरच्या अंगावर पुरळ उठलं, म्हणून तिसरं दिलं. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी उठले तर तो स्वयंपाकघरात सगळे डबे एका ओळीत लावून त्यांच्याशी बोलत होता. डोळे लखलखत होते.

"किती वाजता उठलास?"

"झोपलोच नाही. झोप म्हणजे नुसता अपव्यय आहे गं. हात बघ माझा! बघ!" त्याने हात पुढे केला. थरथर गेली होती. हात दगडासारखा स्थिर होता. तो रडत होता आनंदाने.

मी तडक कारखान्याच्या फाटकावर गेले. जेवणाच्या सुट्टीत चिमूट बाहेर आली, पांढरा कोट तसाच अंगावर.

"मला मूठभर आणून दे," मी म्हटलं.

तिला लगेच कळलं. "वहिनी, वेडी झालीस का?"

"पोत्यांनी भरता तुम्ही. ट्रकच्या ट्रक जातात. आणि तुझ्या सख्ख्या भावाला चिमूटभर मिळू नये?"

"ते औषधाचं नाही. शिसं किती, आर्सेनिक किती, कशात किती चालतं याचे नियम असतात."

"तू तपासतेस ना रोज तेच?"

"तपासते. पण मी डॉक्टर नाही. आणि चोरी आहे ती. सतरा वर्षं इथलं मीठ खाल्लंय मी."

"मग जाग त्या मिठाला," मी म्हटलं. "आणि भावाला पोचव."

हे वाक्य मी बोलले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानेही ऐकलं असेल. ती वळून आत गेली.

दोन दिवसांनी पेंटर पाण्याच्या टाकीवर चढला. तिथलं काम त्याचंच होतं, पण दोर न बांधता, अनवाणी, कठड्याच्या बाहेरच्या बाजूने चालत तो खालच्या लोकांना अक्षरांचे अर्थ समजावून सांगत होता. मी खाली उभी होते. चिमूटही आली, कुणीतरी तिला फोन केला होता. तो उतरेपर्यंत दीड तास आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून वर बघत होतो. तिची नखं माझ्या तळव्यात रुतली होती. उतरल्यावर त्याने विचारलं, "असे चेहरे का केलेत? कुणी गेलं का?"

त्या रविवारी ती आमच्याकडे आली. पिशवीत घट्ट झाकणाची बाटली, प्रयोगशाळेतून बाद केलेला पण अजून बिनचूक असलेला लहान काटा, आणि रिकाम्या कॅप्सूलची पाकिटं. माझं शिवणाचं टेबल तिने दोनदा पुसलं, पंखा बंद करायला लावला. एकेका कॅप्सूलमध्ये पूड भरून ती काट्यावर ठेवायची, आकडा बघायची, सुईच्या टोकावर मावेल एवढी काढायची किंवा घालायची. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो टेबलावर पडू नये म्हणून मी मागे फडकं घेऊन उभी होते.

"ह्याच खेपेचं मी तीनदा तपासलं," ती म्हणाली. "माल चोख आहे. आता तू ऐक. पाणी भरपूर द्यायचं. जेवणातलं मीठ कमी करायचं नाही. उलट्या, जुलाब, ताप, काहीही झालं तर कॅप्सूल बंद आणि मला फोन. आणि दुसरं कुठलंही औषध, साधं सर्दीचंसुद्धा, मला विचारल्याशिवाय नाही. शपथ घे."

"घेतली."

तिने तरीही ते सगळं कागदावर लिहून कॅप्सूल ठेवलेल्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं.

तीन आठवड्यांत पेंटर माणसांत आला. कप बशीवर किणकिणू लागला आणि तो आवाज ऐकून मी मोरीत जाऊन रडले. ओळखीच्या एका लॅबवाल्याकडून चिमूटने त्याचं रक्त तपासून घेतलं. आकडा बरोबर मध्ये आला. त्या दिवशी आम्ही तिघं पोट धरून हसत पत्ते खेळलो. पेंटर उघड उघड लबाडी करत होता आणि चिमूट त्याला प्रत्येक वेळी पकडत होती. डॉक्टरीणबाईंना वाटत होतं, तिसरं औषध लागू पडलंय. ते आम्ही कधीच बंद केलं होतं, पण त्यांना काही बोललो नाही. पुढची तपासणी तीन महिन्यांनी करायची ठरली. मग तो लॅबवाला नोकरी सोडून दुसरीकडे गेला, आणि "बघू, करू" असं करत महिना पुढे गेला.

उन्हाळा कडक होता. पेंटरला शीतगृहाच्या भिंतीचं काम मिळालं, तीन मजले उंच. संध्याकाळी यायचा तो उजवा खांदा धरून. शेक दिला, तेल चोळलं, उपयोग नाही. कूस बदलताना कण्हायचा.

मी औषधवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या आणल्या.

झाकणावरचा कागद मला आठवत होता. तो विसरले असं मी म्हणणार नाही. पण चिमूट त्या आठवड्यात तपासणीचे साहेब येणार म्हणून कामात बुडाली होती, आणि मला वाटलं, तिला विचारलं तर ती नाही म्हणेल आणि ह्याला कण्हत ठेवेल. दोन दिवसांनी काय होतंय, असं मी मनाला समजावलं. गोळीने आराम पडला. दोनाचे चार दिवस झाले, चाराचे नऊ.

पाचव्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. मला वाटलं, ऊन लागलं. सातव्या दिवशी हाताची थरथर मोठी झाली, चमचा तोंडापर्यंत जाईना. मला वाटलं, दमलाय. आठव्या दिवशी शीतगृहाच्या मुकादमाचा फोन आला की पेंटर आज शिडी चढताना दोनदा घसरला, त्याला घरी पाठवतोय. नवव्या दिवशी सकाळी तो पलंगावर बसून मला काहीतरी सांगायला लागला आणि त्याच्या तोंडून शब्द ओल्या मातीसारखे घसरत आले. मी म्हटलं, नीट बोल ना. तो पुन्हा बोलला. तेही तसंच.

मग मी चिमूटला फोन केला. ती रिक्षाने आली, कोट न काढता. दारातूनच तिने त्याला पाहिलं. "उभा राहा, दादा." तो उभा राहिला आणि बाजूला कलंडला. तिने त्याला सावरलं आणि माझ्याकडे वळली.

"दुसरं काही दिलं होतंस?"

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं, हे मी नंतर हजार वेळा स्वतःला विचारलंय. नऊ दिवस तोंडात धरलेली गोष्ट एकदम बाहेर येत नाही, एवढंच मला सांगता येतं. मला वाटलं, आधी दवाखान्यात नेऊ, मग सांगू.

दवाखान्यात चिमूटने काही लपवलं नाही. कुठलं मीठ, किती, कधीपासून, कुणी भरलं, सगळं तिने सांगितलं. तरुण डॉक्टर लिहिता लिहिता थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. रक्तातलं लिथियम हवं त्याच्या चौपट निघालं. "याखेरीज काही? दुखण्याची गोळी वगैरे? त्याने मूत्रपिंड हे मीठ बाहेर टाकत नाही, साठत जातं." तो आम्हा दोघींकडे बघून विचारत होता. चिमूट म्हणाली, "नाही, वहिनीने मला सांगितलं असतं." मी मिठाची गुळणी धरून उभी होते.

त्याचं रक्त यंत्रातून काढून धुऊन परत भरलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले. सहाव्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि मला ओळखलं. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मला वाटलं, सुटलो.

पण मीठ निघून गेलं, आणि त्याने केलेलं मागे राहिलं. डॉक्टर म्हणाला, मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली आहे, तोल, हात, बोलणं तिथूनच चालतं. काही जणांचं सहा महिन्यांत सुधारतं. वर्षभर वाट बघा. वर्षानंतर जे असेल ते असेल.

चिमूटची नोकरी गेली. तिच्यावर चौकशी बसली. आमच्या घरातला डबा, उरलेल्या कॅप्सूल, बाटली, सगळं सीलबंद करून नेलं. ती रोज आमच्याकडे यायची, दादाला धरून चालवायची, भिंतीपासून खिडकीपर्यंत आणि परत, आणि तो पडला की त्याच्याबरोबर पडायची. मग माझ्या शिवणाच्या टेबलाशी बसून कागदावर आकडे मांडायची. किती दिली, किती दिवस, वजन किती, किती बाहेर पडली असेल.

चार महिन्यांनी चौकशीचा अहवाल आला. तिने तो मला वाचून दाखवला. माल शुद्ध. उरलेल्या सगळ्या कॅप्सूलचं वजन बरोबर, मिलिग्रॅमचाही फरक नाही. तरीही विनापरवाना औषध बनवलं म्हणून तिला कुठल्याही प्रयोगशाळेत काम करायला कायमची बंदी.

"मग चुकलं कुठे?" ती म्हणाली. तिला बंदीचं काही नव्हतं. "वहिनी, हिशेब जुळत नाही. एवढ्यावर चौपट होऊच शकत नाही. उन्हाचं धरलं, जुलाबाचं धरलं, तरी दुप्पट होईल फार तर. त्याआधी मी दिलेल्यांत एखादी जड गेली असेल का? दहा-बारा एकदम जड कशा जातील? मी तर एकेक..." तिने हातांकडे बघितलं. "माझाच हात हलला असेल."

तिचे केस त्या चार महिन्यांत कानांवरून पांढरे झाले होते. ती जेवत नव्हती. एकदा तिने मला विचारलं होतं, डोकं न उचलता, की मी गेले तर दादाचं तू एकटी करशील ना? आणि मी, जिने नवऱ्यापायी कात्र्या शेजारणीकडे ठेवल्या होत्या, ते ऐकूनही गप्प बसले होते.

त्या दुपारी मात्र मला गप्प बसवेना. पेंटर खिडकीशी खुर्चीत होता. मी त्याच्यासमोरच बोलले.

"मी त्याला दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. खांद्यासाठी."

तिने मान वर केली.  

"कोणत्या?"

मी नाव सांगितलं.

"दिवसाला किती?"

"तीन."

"किती दिवस?"

"नऊ."

तिने पेन्सिल उचलली, कागदावर दोन-तीन ओळी लिहिल्या, आकडा काढला, आणि त्याच्याखाली रेघ मारली. "हं," ती म्हणाली. "मग बरोबर येतं."

मला वाटलं, ती ओरडेल, मारेल. मला तेच हवं होतं. तिने कागदाची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली. दादाच्या खांद्यावरची शाल सारखी केली. दारात चप्पल घालताना तिचा पाय दोनदा चुकला, आणि मी धरायला पुढे झाले तर तिने हात उचलला, फक्त एवढा, थांब म्हणावं तसा.

पेंटरने सगळं ऐकलं होतं. त्याचं डोकं शाबूत आहे. हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. त्याला सगळं कळतं आणि काही सांगता येत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत राग नव्हता. दया असावी. ती मला सोसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सांगितलं. त्यांनी फाइलमध्ये लिहून घेतलं. चौकशीवाल्यांकडेही गेले. तिथला कारकून म्हणाला, बाई, प्रकरण बंद झालंय, त्यांच्यावरचा ठपका कॅप्सूल बनवल्याचा आहे, तुमच्या गोळीने तो पुसला जात नाही. मी म्हटलं, माझ्यावर तरी काहीतरी लिहा. त्याने खांदे उडवले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

चिमूट सहा आठवडे आली नाही. मग एका गुरुवारी आली, आणि आता दर गुरुवारी येते. दादाला चालवते, त्याचे हात चोळते, त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवते. माझ्याशी बोलते ते पाणी दे, टॉवेल कुठे आहे, एवढंच. वहिनी म्हणत नाही. तिला एका कपड्यांच्या धुलाई केंद्रात काम मिळालंय, चादरी मोजायचं. मी एकदा तिला जेवून जा म्हटलं. ती म्हणाली, "नको. मला तुझा राग नाही. नुसतं बसवत नाही इथे."

वर्ष उलटून गेलं. जे आहे ते आता असंच राहणार. गोळ्या पुन्हा बाजारात आल्या आहेत. औषधवाला ही बातमी द्यायला स्वतः घरापर्यंत आला, बिचारा आनंदाने. मी त्याला आत बोलावलं, बसवलं. पेंटरला खुर्चीत बघून त्याने तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. ते मीठ पेंटरला आता कधीच देता येणार नाही. दुसरं एक औषध चालू आहे, त्याने तो दिवसभर अर्धवट झोपेत असतो.

काल दुपारी मी त्याला भरवत होते. पातळ काही दिलं की ठसका लागतो, म्हणून सगळं घट्ट करून. मध्येच त्याने माझं मनगट धरलं आणि बोलायला लागला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"पाणी?" मी विचारलं. त्याने मान हलवली, नाही.

"पाठीला उशी?" नाही.

"चिमूटबद्दल काही?" तो थांबला. मग पुन्हा सुरुवात केली, तेच, पहिल्यापासून, तीन की चार शब्द होते, एकेक ओढून काढल्यासारखा. मी कान त्याच्या तोंडाजवळ नेला. श्वास ऐकू आला, थुंकी गालाला लागली. मी म्हटलं, "कळलं, कळलं मला."

मी खोटं बोलतेय हे त्याला समजलं. त्याने माझं मनगट सोडलं आणि तोंड उघडलं, पुढचा घास द्यावा म्हणून.